चुका गृहीत धरूनच टिकते माहिती
मेमरी कार्डापासून माहिती केंद्रापर्यंत साठवणुकीची विश्वासार्हता एका उपायावर नव्हे, तर अनेक उपायांच्या जोडणीवर उभी असते

चिखलदऱ्याच्या पठारावरून खाली उतरले की मेळघाटचे जंगल सुरू होते. १९७३-७४ मध्ये देशात प्रथम जाहीर झालेल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी हा एक. येथे वाघांची नोंद घेण्याचे काम आज मुख्यतः झाडांच्या खोडांना बांधलेले स्वयंचलित कॅमेरे करतात. समोरून प्राणी गेला की त्याच्या उष्णतेची व हालचालीची चाहूल लागून कॅमेरा चालू होतो आणि छायाचित्र नखाएवढ्या मेमरी कार्डावर साठवले जाते. ठराविक दिवसांनी वनकर्मचारी ही कार्डे गोळा करतात आणि त्यांतील छायाचित्रे संगणकावर उतरवली जातात. प्रत्येक वाघाच्या अंगावरील पट्ट्यांची ठेवण वेगळी असते. म्हणून छायाचित्रावरून तो वाघ नेमका कोणता हे ओळखता येते.

पूर्वी ही गणना पावलांच्या ठशांवरून होत असे. राजस्थानातील सरिस्का प्रकल्पात कागदोपत्री वाघ असताना प्रत्यक्षात एकही उरला नसल्याचे २००५ च्या सुमारास उघड झाले आणि त्या पद्धतीवरचा विश्वास उडाला. २००६ पासून कॅमेऱ्यांवर आधारित देशव्यापी अंदाज दर चार वर्षांनी घेतला जाऊ लागला. २०१८ च्या फेरीत देशभर २६ हजार ८३८ ठिकाणी कॅमेरे लावण्यात आले. त्यांतून वन्यजीवनाची ३ कोटी ४८ लाखांहून अधिक छायाचित्रे जमली, पण त्यांत वाघांची केवळ ७६ हजार ६५१ होती. म्हणजे सुमारे साडेचारशे छायाचित्रांमागे वाघाचे एक. ते एक बिघडले तर पुन्हा काढता येत नाही, कारण वाघाला परत बोलावण्याची सोय नाही.

हे छायाचित्र ज्या कार्डावर असते ते मात्र मुळात चुका करणारे साधन आहे. हे वाक्य अनेकांना खटकेल. मेमरी कार्ड, पेन ड्राइव्ह, मोबाइल किंवा हार्ड डिस्कवर ठेवलेली माहिती जशीच्या तशी परत मिळते, असा सर्वांचा रोजचा अनुभव आहे. परंतु ती तशी मिळते याचे कारण साधन बिनचूक आहे हे नव्हे. झालेल्या चुका वाचनाच्या क्षणी शोधून दुरुस्त केल्या जातात, हे आहे. आणि ही दुरुस्ती कोणत्याही एका पद्धतीने पुरी पडत नाही. एकीचे उणे दुसरी भरून काढील अशा रीतीने दोन-तीन पद्धती एकत्र गुंफाव्या लागतात.

चूक होते कुठे?

मेमरी कार्डात माहिती साठते ती विद्युतभाराच्या रूपात. कार्डातील चिपमध्ये अब्जावधी सूक्ष्म सेल असतात. प्रत्येक सेलमध्ये काही इलेक्ट्रॉन कोंडले जातात आणि त्यांच्या प्रमाणावरून तेथे कोणता आकडा आहे हे ठरते. सुरुवातीच्या चिपमध्ये एका सेलमध्ये एकच बिट, म्हणजे शून्य किंवा एक, ठेवला जाई. त्यामुळे भार आहे किंवा नाही, एवढेच पाहावे लागे. किंमत उतरवण्यासाठी त्याच सेलमध्ये तीन बिट ठेवण्याची पद्धत रूढ झाली आणि त्यासाठी भाराच्या आठ पातळ्या ओळखणे आवश्यक ठरले. चार बिटांसाठी अशा सोळा पातळ्या लागतात. पेला भरलेला आहे की रिकामा हे सांगणे सोपे असते, तो सोळा रेघांपैकी नेमक्या कोणत्या रेघेपर्यंत भरला आहे हे सांगणे अवघड असते.

त्यात भर म्हणजे हा भार हळूहळू गळतो. उष्णता वाढली की गळती वेग घेते. अकोला-अमरावतीत उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपुढे जाणे नवे नाही. उन्हात तापलेल्या खोक्यातील कार्डाचे तापमान त्याहून अधिक असू शकते. शिवाय प्रत्येक वेळी लिहिताना व पुसताना सेलचे विद्युतरोधक आवरण थोडे झिजते. एका बिटाचा सेल साधारण एक लाख वेळा लिहिणे-पुसणे सोसत असे. तीन बिटांच्या सेलच्या बाबतीत हा आकडा काही हजारांवर किंवा त्याहूनही खाली येतो. शेजारचा सेल वाचतानाही भार किंचित हलतो.

या कारणांनी होणाऱ्या चुका विखुरलेल्या असतात. इथे एक बिट, तिथे एक बिट. दुसऱ्या प्रकारच्या चुका मात्र झुंडीने येतात. सीडीवर ओरखडा पडला, हार्ड डिस्कच्या तबकडीचा एखादा भाग खराब झाला किंवा कार्डातील एक अख्खी चिप बंद पडली, तर सलग हजारो बिट एकदम जातात. विखुरलेल्या चुकांवरचा उपाय झुंडीपुढे निकामी ठरतो आणि झुंडीवरचा उपाय विखुरलेल्या चुकांसाठी महाग पडतो. अनेक पद्धती जोडण्याची गरज येथूनच निर्माण होते.

छायाचित्राच्या बाबतीत एका बिटाची चूकही किरकोळ नसते. जागा वाचवण्यासाठी छायाचित्र आटवून साठवलेले असते आणि त्यात पुढचा भाग मागच्या भागावर अवलंबून असतो. मध्ये एक बिट उलटला की तेथून खालचे चित्र विस्कटू शकते, त्याचे रंग बदलू शकतात. नेमक्या तेथेच वाघाचे पट्टे असले तर ओळख पटणार नाही.

आडवी-उभी बेरीज

चुकांच्या दुरुस्तीचे मूळ तत्त्व जमाखर्च लिहिणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. समजा, परतवाड्याच्या बाजारात तीन अडत्यांकडे तीन दिवसांत आलेल्या कापसाच्या गाड्या मुनिमाने लिहिल्या. पहिल्या अडत्याकडे १२, ७ व ९, दुसऱ्याकडे ५, १४ व ६, तिसऱ्याकडे ८, ३ व ११. आडव्या बेरजा आल्या २८, २५ आणि २२. उभ्या बेरजा आल्या २५, २४ आणि २६. आता कोणी वही उतरवताना १४ च्या जागी ४१ लिहिले, तर दुसरी आडवी बेरीज २७ ने जास्त येते आणि दुसरी उभी बेरीजही २७ ने जास्त येते. चूक कोणत्या घरात आहे हे समजले आणि ४१ मधून २७ वजा करून मूळ आकडाही मिळाला. मूळ नोंद न पाहता दुरुस्ती झाली.

यात दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. पहिली ही की, नुसती आडवी बेरीज असती तर चूक झाल्याचे कळले असते, पण कुठे ते कळले नसते. नुसत्या उभ्या बेरजेनेही तेवढेच झाले असते. दोन दुबळे पडताळे एकत्र आले तेव्हाच दुरुस्तीचे सामर्थ्य निर्माण झाले. दुसरी ही की, या जोडणीलाही मर्यादा आहे. एकाच ओळीत एक आकडा ५ ने वाढला आणि दुसरा ५ ने घटला, तर आडवी बेरीज गप्प राहते. उभ्या बेरजा दोन स्तंभांवर बोट ठेवतात, पण ओळ कोणती हे सांगू शकत नाहीत. चार घरांत अशा परस्परांना छेदणाऱ्या चुका झाल्या तर सर्वच बेरजा बरोबर येतील आणि वही मात्र चुकीची असेल.

डीव्हीडीत हीच आडवी-उभी रचना आहे. १९२ ओळी व १७२ स्तंभांच्या तक्त्यात माहिती मांडली जाते. प्रत्येक स्तंभाला १६ आणि प्रत्येक ओळीला १० पडताळा-अंक जोडले जातात. फरक एवढाच की येथे साध्या बेरजेऐवजी इर्व्हिंग रीड आणि गुस्ताव्ह सॉलोमन यांनी १९६० मध्ये मांडलेली बीजगणिती पद्धत वापरतात. तिच्यामुळे एका ओळीतील एकाहून अधिक चुकाही दुरुस्त होतात.

विदर्भाशी जुळलेला धागा

या शास्त्राचा पाया अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत घातला गेला. गोंगाटाच्या माध्यमातूनही माहिती जवळजवळ बिनचूक पोहोचवता येते, हे क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये गणिताने सिद्ध केले. रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० मध्ये एक चूक स्वतःहून दुरुस्त करणारी पहिली व्यवहार्य संकेतपद्धती प्रसिद्ध केली. यानंतरचे एक महत्त्वाचे पाऊल भारतीय गणितज्ञांच्या नावावर आहे.

मेळघाटच्या उत्तरेला सातपुडा ओलांडला की नर्मदाकाठी होशंगाबाद, आजचे नर्मदापुरम, लागते. राजचंद्र बोस यांचा जन्म १९०१ मध्ये तेथे झाला. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात असताना त्यांनी द्विजेंद्रकुमार राय-चौधुरी यांच्यासह १९६० मध्ये अनेक चुका दुरुस्त करणाऱ्या संकेतांचे एक कुटुंबच मांडले. फ्रान्समधील अलेक्सिस ऑकेंगेम यांनी तेच संकेत १९५९ मध्ये स्वतंत्रपणे शोधले होते. तिघांच्या आद्याक्षरांवरून ते 'बीसीएच' म्हणून ओळखले जातात. मेमरी कार्डे व पेन ड्राइव्ह यांत अनेक वर्षे याच संकेतांनी पहारा दिला.

बोस यांचे विद्यार्थी आणि सहकारी शरदचंद्र शंकर श्रीखंडे यांचा जन्म १९१७ मध्ये सागर येथे झाला. नागपूरच्या विज्ञान महाविद्यालयात ते शिकले आणि तेथेच त्यांनी अध्यापनही केले. पुढे मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाचे ते प्रमुख झाले. जादूच्या चौरसांसारख्या एका कोड्याविषयी ऑयलर या थोर गणितज्ञाने केलेले भाकीत १९५९ मध्ये बोस, श्रीखंडे आणि पार्कर यांनी खोटे ठरवले, ही गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असते. त्याच वर्षी बोस व श्रीखंडे यांनी संकेतरचनेवरही शोधनिबंध लिहिला होता आणि हॅडामार्डच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तक्त्यांशी त्या प्रश्नाचा संबंध जोडला होता, हे कमी जणांना ठाऊक असते. अशाच तक्त्यांवर आधारलेल्या संकेतातून मरिनर-९ यानाने १९७१-७२ मध्ये मंगळाची छायाचित्रे पृथ्वीवर पाठवली. त्या संकेतात ३२ बिटांच्या शब्दातील सातपर्यंत चुका दुरुस्त होत असत. श्रीखंडे यांचे २०२० मध्ये निधन झाले.

अक्षरे विखुरण्याची युक्ती

झुंडीने येणाऱ्या चुकांवर आणखी एक उपाय लागतो. त्यात पडताळा-अंक वाढवावे लागत नाहीत, फक्त क्रम बदलावा लागतो. चिखलदरा, परतवाडा, अचलपूर, अमरावती आणि गाविलगड ही पाच नावे घ्या. प्रत्येकात पाच अक्षरे आहेत. ती एकाखाली एक लिहून आडवी न वाचता उभी वाचली तर क्रम असा होतो: चि-प-अ-अ-गा, ख-र-च-म-वि, ल-त-ल-रा-ल, द-वा-पू-व-ग, रा-डा-र-ती-ड. या क्रमाने लिहिलेल्या कागदावर मध्येच शाई सांडून तिसरा गट पुरता पुसला गेला, असे समजू. नावे पुन्हा जुळवल्यावर चिख-दरा, पर-वाडा, अच-पूर, अम-वती आणि गावि-गड असे वाचायला मिळते. प्रत्येक नावातले एकच अक्षर गेले आहे आणि पाचही नावे ओळखता येतात. नावे सरळ क्रमाने लिहिली असती तर तेवढ्याच डागाने अचलपूर समूळ नाहीसे झाले असते.

१९८२ मध्ये बाजारात आलेल्या सीडीत ही युक्ती दोन रीड-सॉलोमन संकेतांच्या मध्ये बसवलेली आहे. एक संकेत आधी छोट्या चुका दुरुस्त करतो. त्याला न झेपणारी झुंड विखुरली जाऊन दुसऱ्याकडे सुट्या चुकांच्या रूपात पोहोचते. त्यामुळे सुमारे अडीच मिलिमीटर लांबीचा, म्हणजे जवळजवळ चार हजार बिटांचा घाव पडूनही गाणे अखंड ऐकू येते. या दोन संकेतांपैकी प्रत्येक संकेत एकटा असता तर त्याला एका वेळी दोनच अनोळखी चुका दुरुस्त करता आल्या असत्या.

जोडणीचा येथे आणखी एक फायदा मिळतो. चूक कुठे आहे हे माहीत नसेल तर चार पडताळा-अंकांत दोन चुका दुरुस्त होतात. जागा आधीच माहीत असेल तर तेवढ्याच अंकांत चार चुका निस्तरता येतात. म्हणून पहिला संकेत हार पत्करताना 'हा भाग संशयास्पद' अशी खूण करतो आणि दुसऱ्याचे काम निम्म्याने हलके होते. आत एक व बाहेर एक अशी संकेतांची साखळी कशी बांधावी, याची पद्धतशीर मांडणी डेव्हिड फॉर्नी यांनी १९६६ मध्ये केली.

आतला तट, बाहेरचा तट

आजच्या मेमरी कार्डात आणि सॉलिड स्टेट ड्राइव्हमध्ये ही साखळी अधिक लांब झाली आहे. बीसीएच संकेताने एक किलोबाइट माहितीतील ४० चुका दुरुस्त करायच्या तर ५६० जादा बिट, म्हणजे सुमारे सात टक्के अधिक जागा लागते. चाळीस चुकांपर्यंत हमी असते, एकेचाळिसाव्याला ती संपते. सेल लहान होत गेले, त्यांतील पातळ्या वाढल्या आणि ही हमी अपुरी पडू लागली. तेव्हा रॉबर्ट गॅलागर यांनी १९६० च्या सुमारास एमआयटीत मांडलेली 'एलडीपीसी' ही जुनी कल्पना कामी आली. त्या काळच्या संगणकांना न झेपल्याने ती मागे पडली होती, १९९० च्या दशकात तिचे पुनरुज्जीवन झाले. तिचे वैशिष्ट्य असे की ती बिटाकडे केवळ शून्य किंवा एक म्हणून पाहत नाही. 'बहुधा एक असावा, पण खात्री थोडी' अशी संदिग्ध साक्षही ती वापरून घेते. पहिल्या वाचनात उलगडा झाला नाही तर तोच सेल थोड्या वेगळ्या पातळीवर पुन्हा वाचला जातो, साक्षीत भर पडते आणि हिशेब नव्याने मांडला जातो.

या पद्धतीची उणीवही वेगळ्या प्रकारची आहे. ती पुष्कळ चुका सहज पचवते, पण क्वचित मोजक्याच चुका अशा ठेवणीत येतात की पडताळे एकमेकांत अडकतात आणि निकाल लागत नाही. चिखलदऱ्याजवळच्या गाविलगडाच्या इतिहासात याच्याशी मिळतेजुळते उदाहरण सापडते. १५ डिसेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या फौजांनी तो घेतला तेव्हा बाहेरच्या तटाला तोफांनी खिंडार पाडले होते. आतला तट शाबूत होता, पण एका तुकडीने शिड्या लावून तो ओलांडला आणि आतून दरवाजा उघडला. भिंत पडली नव्हती, तिची एक जागा राखायची राहिली होती. एलडीपीसीच्या अशा जागेवर पहारा ठेवण्यासाठी काही रचनांत बाहेरून एक छोटा बीसीएच संकेत जोडतात. उपग्रह दूरचित्रवाणीच्या डीव्हीबी-एस२ या मानकातही नेमकी हीच जोडी आहे. दुरुस्त झालेली माहिती खरोखर मूळचीच आहे की दुसरीच कोणती, हे तपासण्यासाठी वर आणखी एक स्वतंत्र पडताळा असतो. चुकीची दुरुस्ती ही दुरुस्ती न होण्याहून घातक असते, कारण तिचा संशयही येत नाही.

अख्खी चिप बंद पडली तर यांतले काहीच उपयोगी पडत नाही. मोठ्या ड्राइव्हमध्ये त्यासाठी अनेक चिपमधील माहितीची 'बेरीज' वेगळ्या चिपवर ठेवतात. एक गेली तर बेरजेतून उरलेल्या वजा करून ती परत मिळवतात. डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी १९८८ मध्ये 'रेड' या नावाने अनेक हार्ड डिस्कसाठी मांडलेली कल्पना ती हीच.

माहिती केंद्रांत या थरांचे परस्परांवरील अवलंबन स्पष्ट दिसते. घरगुती वापराच्या हार्ड डिस्कसाठी उत्पादक साधारणपणे एकावर चौदा शून्ये इतके बिट वाचल्यावर एखादा भाग न वाचता येण्याची शक्यता नमूद करतात. हे प्रमाण साडेबारा टेराबाइटमागे एक असे पडते. डिस्क लहान होत्या तेव्हा हा धोका नगण्य होता. आज एक डिस्क बिघडून उरलेल्या सर्व डिस्क पूर्ण वाचायची वेळ आली, तर त्या वाचनातच दुसरी अडचण उभी राहू शकते. म्हणून एका बेरजेऐवजी दोन स्वतंत्र पडताळे ठेवणारी रचना मोठ्या साठ्यांसाठी रूढ झाली. सन मायक्रोसिस्टिम्सने २००५ मध्ये खुल्या केलेल्या 'झेडएफएस' या प्रणालीने त्यावर आणखी एक थर चढवला. डिस्कने 'सर्व ठीक' असे सांगितले तरी तिच्यावर विश्वास न ठेवता प्रत्येक तुकड्याचा पडताळा ती स्वतः घेते.

जोडणीची अट आणि मर्यादा

या साऱ्यातून एक नियम निघतो. दोन उपाय एकत्र आल्याने सुरक्षा वाढते, पण ते वेगवेगळ्या कारणांनी निकामी होणारे असतील तरच. एकाच चिपवर माहिती दोनदा लिहिली तर चिप गेल्यावर दोन्ही प्रती जातात. एकाच कपाटातल्या दोन डिस्क एकाच आगीत जळतात. थरांची संख्या मोजण्यापेक्षा प्रत्येक थर कोणत्या संकटासाठी आहे हे पाहणे महत्त्वाचे ठरते.

दुसरी मर्यादा काळाची. सॉलिड स्टेट ड्राइव्हच्या जेडेक या मानकानुसार घरगुती वापराच्या, पूर्ण झिजलेल्या ड्राइव्हने विजेशिवाय ३० अंश तापमानात एक वर्ष माहिती टिकवावी, एवढीच अपेक्षा आहे. नवा ड्राइव्ह याहून बराच अधिक काळ टिकतो. तरीही लग्नाची छायाचित्रे जुन्या पेन ड्राइव्हमध्ये घालून कपाटात ठेवणे म्हणजे जतन करणे नव्हे. दुरुस्तीचे संकेत वाचनाच्या वेळीच काम करतात. वर्षानुवर्षे कोणी वाचलेच नाही तर चुका साचत जातात आणि एक दिवस मर्यादा ओलांडतात.

तिसरी मर्यादा सर्वांत मोठी आहे. चुकून पुसलेली फाइल, हरवलेले कार्ड, कार्डाचा जळालेला नियंत्रक किंवा लिहिण्याचे काम चालू असताना उपसलेला पेन ड्राइव्ह यांवर कोणताही संकेत उपाय करू शकत नाही. संकेताच्या दृष्टीने पुसलेली फाइल ही चूक नसून आज्ञा असते. तेथे वेगळ्या साधनावर आणि वेगळ्या जागी ठेवलेली दुसरी प्रतच कामी येते. महत्त्वाच्या माहितीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि एक प्रत दुसऱ्या ठिकाणी असावी, हा संगणक क्षेत्रातील जुना दंडक त्यासाठीच आहे.

मेळघाटातल्या कॅमेऱ्यातील कार्ड जंगलात असते तोवर त्यावरचे छायाचित्र केवळ या अदृश्य संकेतांच्या भरवशावर असते. उन्हाने गळलेला भार, झिजलेले सेल, संदिग्ध बिट यांतून ते सावरून आणण्याचे काम बोस, राय-चौधुरी, रीड, सॉलोमन आणि गॅलागर यांचे गणित करते. कार्ड संगणकाला जोडले की ती जबाबदारी माणसांकडे येते. पहिली प्रत तपासून दुसरी वेगळ्या ठिकाणी ठेवली जाईपर्यंत कार्ड पुसायचे नाही, हा साधा नियम त्या साखळीतला शेवटचा दुवा आहे आणि तो पाळण्यासाठी गणित यावे लागत नाही.